वहीतला दंडघेर

"माप कशाला घेतेस? माझं वजन तेच आहे. जुन्या मापानेच शिव."

आई हे म्हणाली तेव्हा मी तिच्या गाऊनचं कापड अंथरून बसले होते. तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. गेली बारा वर्षं तिचं वजन ५१ आणि ५२ किलोच्या मधे आहे. दर तपासणीला काट्यावर चढते आणि खूश होऊन उतरते. तरी सवयीने मी टेप गळ्यात घातली आणि जुनी वही काढली.

मी तेवीस वर्षं शिवणकाम करते. मापांच्या अकरा वह्या झाल्या, एकही टाकलेली नाही. तिसऱ्या वहीत आईचं पान सापडलं, बारा वर्षांपूर्वीचं. छाती ३६, कंबर ३२, सीट (नितंबांचा घेर) ३८, बाहीची लांबी ९, दंडघेर ११. सगळं इंचात. बाहीची लांबी लिहिलेली होती म्हणून तेव्हा टेप नेमकी कुठे फिरवली होती तेही कळलं. खांद्याच्या हाडापासून ९ इंच खाली आले, पेनने बारीक खूण केली आणि दंडाभोवती टेप घेतली.

साडेनऊ.

टेप सरकली असेल म्हणून परत घेतलं. साडेनऊच. कंबर ३४ भरली.

वजन तेच, कंबर दोन इंचांनी जास्त, दंड दीड इंचाने कमी. मी ढिलाई कापताना देते, वहीत मात्र नेहमी अंगाचंच माप लिहिते. त्यामुळे ते दीड इंच कापडाचे नव्हते, आईचेच होते. ती ७६ वर्षांची आहे. त्या पानाकडे मी बराच वेळ बघत बसले. गिऱ्हाइकांच्या वह्यांमध्ये इतकी वर्षं मी काय लिहून ठेवत होते, ते मला त्या दिवशी कळलं.

वजन ही बेरीज आहे. हाडं, स्नायू, चरबी, पाणी, पोटात असलेलं अन्न, सगळं एकत्र. दोन किलो स्नायू गेले आणि दोन किलो चरबी आली तर काटा जागचा हलत नाही, पण अंग बदललेलं असतं. चरबी हलकी असते, तेवढ्याच वजनाला जागा जास्त घेते. तिची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम आणि चरबी सोडून उरलेल्या शरीराची सुमारे १.१. या एवढ्याशा फरकावर शरीरातली चरबी मोजण्याचं शास्त्र उभं राहिलं. अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ मध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळाडूंना पाण्याखाली तोललं, कारण पाण्यातल्या वजनावरून अंगाची घनता काढता येते. उंची-वजनाच्या तक्त्यानुसार त्यातले कितीतरी जण सैन्याला चालले नसते इतके 'जाड' होते. पाण्यातल्या वजनाने दाखवलं की ते वजन स्नायूंचं आहे, चरबी थोडीच. पुढे १९६१ मध्ये विल्यम सिरी यांनी घनतेवरून चरबीची टक्केवारी काढायचं सूत्र दिलं, ते आजही वापरात आहे. घरात कोणी पाण्याखाली तोलून घेणार नाही. पण उंची आणि वजन एवढ्यावरून अंगाचं काही ठरवता येत नाही, हे ऐंशी वर्षांपूर्वी सिद्ध झालंय, आणि आपण अजून काट्यावरून उतरून सुस्कारा टाकतो.

मी स्वतः तेव्हा वेगळ्याच कारणाने माझं अंग मोजत होते. वय ४८, उंची १५६ सेंटिमीटर, दिवसाचे सात-आठ तास मशीनवर बसून. रक्तातली साखर सीमारेषेवर आली आणि डॉक्टर म्हणाले, वजनापेक्षा कंबर बघा, आणि स्नायू वाढवा. मी डंबेल आणले, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम सुरू केला आणि चरबीची टक्केवारी दाखवणारा एक वजनकाटा घेतला.

त्या काट्यावर पहिले तीन आठवडे माझा फार विश्वास होता. मग एका सकाळी ३६.४ टक्के आणि दुसऱ्या सकाळी ३८.१ आले. एका रात्रीत अंगावर किलोभर चरबी चढत नाही. म्हणून मी त्याला तपासायचं ठरवलं.

आधी नेहमीसारखी उभी राहिले: ६६.९ किलो, चरबी ३६.४. मग ७०० मिलिलिटर पाणी प्यायले आणि लगेच परत उभी राहिले: ६७.६ किलो, चरबी ३६.९. पोटातलं साधं पाणी त्याने चरबीत धरलं. नंतर पाहुण्यांसाठी असलेल्या खात्यात माझंच वय, पण उंची १० सेंटिमीटर जास्त टाकली. चरबी एकदम साडेपाच टक्क्यांनी उतरली. उंची खरी ठेवून 'खेळाडू' हा पर्याय निवडला तर त्याहूनही खाली. मी तीच, तोच काटा, तीच पाच मिनिटं.

मग वाचून समजून घेतलं. हा काटा चरबी मोजतच नाही. एका तळपायातून अगदी बारीक वीजप्रवाह सोडतो आणि दुसऱ्या तळपायातून परत घेतो. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून अडखळते. त्या अडथळ्यावरून तो अंगातल्या पाण्याचा अंदाज करतो, चरबीविरहित अंगात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरतो, आणि उंची, वय, वजन, स्त्री की पुरुष हे सूत्रात घालून आकडा काढतो. प्रवाह एका पायातून वर आणि दुसऱ्यातून खाली. पोट आणि दंड जवळजवळ अंदाजावरच. तहानलेल्या अंगात अडथळा वाढतो म्हणून चरबी जास्त दिसते. टाचा कोरड्या, भेगाळलेल्या असल्या तरी तेच होऊ शकतं. हाताने धरायची दांडी असलेल्या काट्यात प्रवाह धडातूनही जातो, तो थोडा बरा. (पेसमेकर असलेल्यांनी हे काटे अजिबात वापरू नयेत आणि गरोदर बायकांनीही टाळावेत. काट्याबरोबरच्या कागदावर हे बारीक अक्षरात असतं, म्हणून मुद्दाम लिहिते.)

काटा मी टाकला नाही. वजन तो चोख दाखवतो. चरबीचा आकडा महिन्याच्या सरासरीपुरताच बघते.

आता टेपबद्दल, कारण इथे मला खरंच सांगण्यासारखं आहे.

टेप खोटं बोलते, पण ती कशी बोलते हे शिवणाऱ्या बाईला माहीत असतं. रोज वापरातली टेप ताणली जाते. माझी सहा वर्षं वापरलेली टेप मी स्टीलच्या पट्टीवर ठेवून बघितली, तर ६० इंचांमागे पाऊण इंच लांबलेली निघाली. म्हणजे ३६ इंचांच्या कंबरेला जवळपास अर्धा इंच कमी दाखवणार, आणि आपण हरखून जाणार. घरी अंग मोजायचं असेल तर टेप आधी धातूच्या पट्टीवर तपासा.

माप उघड्या अंगावर घ्यायचं. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. टेप काढल्यावर अंगावर रेघ उमटली असेल तर आवळली होती. आम्ही कपड्यासाठी कधी कधी टेपेखाली बोट ठेवतो, ते इथे नाही. आणि टेप मागून खाली उतरते, हे सगळ्यांच्या बाबतीत होतं. समोर कंबरेवर दिसते आणि पाठीमागे दोन बोटं खाली लोंबत असते. आरशासमोर आधी बाजूने उभं राहून ती जमिनीला समांतर आहे का बघायचं, मगच आकडा वाचायचा.

कंबर कुठली, यावर सगळ्यांचा गोंधळ. पॅन्ट बसते ती कंबर नव्हे. काखेतून सरळ खाली बोट फिरवा, शेवटची बरगडी लागेल. आणखी खाली कमरेच्या हाडाची वरची कड लागेल. दोन्हींच्या मधोमध टेप. श्वास सहज सोडून झाला की त्या क्षणी वाचायचं. पोट आत ओढायचं नाही. माप घेताना बायका पोट आत घेतात, हे मी तेवीस वर्षं बघतेय, आणि नंतर कपडा घट्ट होतो. मी त्यांना बोलतं ठेवते. बोलता बोलता पोट आपोआप सुटतं, तेवढ्यात माप घेते. स्वतःचं घेताना मी एक ते पाच मोठ्याने मोजते आणि पाचवर वाचते.

आकड्याचं काय करायचं? कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा साधा नियम आता डॉक्टरही वापरतात. माझ्या उंचीला ७८ सेंटिमीटर. माझी सुरुवात ९१ पासून होती. पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी साखरेला आणि हृदयाला जास्त त्रास देते, म्हणून हे माप मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचं वाटतं. आणि पाळी जाण्याच्या वयात चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, वजन तेच असलं तरी. या वयाच्या माझ्या गिऱ्हाइकांच्या वह्या मी पुन्हा चाळल्या. सीट तीच, कंबर वाढलेली, पानापानावर.

मी सगळ्यात आधी केलेलं, आणि इतरांनाही करायला सांगेन असं एक काम म्हणजे स्वतःची चूक मोजणं. एका सकाळी दहा दहा मिनिटांनी तीनदा कंबर घेतली, मधे टेप पूर्ण काढून. ९१.२, ९०.४, ९१.०. म्हणजे माझ्या हाताचा हेलकावा जवळपास एक सेंटिमीटरचा. त्यामुळे पुढे अर्धा सेंटिमीटर कमी आलं तर मी आनंद करत नाही आणि अर्धा वाढलं तर वाईट वाटून घेत नाही. दोन सेंटिमीटर सरकलं आणि पुढच्या रविवारीही तिथेच राहिलं, तर ते खरं.

वजनाचंही तसंच. दिवसभरात एक-दोन किलो इकडेतिकडे होतं. स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं, त्यामुळे दोन दिवस कमी जेवलं तरी काटा झपकन उतरतो आणि नीट जेवलं की तितकाच चढतो. नवा व्यायाम सुरू केल्यावर स्नायूंमध्ये पाणी धरलं जातं, पहिल्या दोन आठवड्यांत माझं वजन ८०० ग्रॅमनी वाढलं होतं. पाळीच्या आधी वेगळं. म्हणून मी रोज उठल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करते, आणि आठवड्याच्या सरासरीला आठवड्याच्या सरासरीशीच लावून बघते.

सात महिन्यांत वजन ६७.८ वरून ६६.१ झालं. दोन किलोही नाही. कंबर ९१ वरून ८५.५. सीट १०४ वरून १०१, गळा ३४ वरून ३३.५. अमेरिकी नौदलाचं १९८४ चं एक सूत्र आहे, त्यात बायकांसाठी गळा, कंबर, सीट आणि उंची घातली की चरबीची टक्केवारी येते. त्यात माझी चरबी ४१ टक्क्यांवरून सुमारे साडेसदतीसवर आली. काट्याने ३६.८ वरून ३५.९ सांगितलं. त्याच अंगाला दोन साधनांनी दोन आकडे दिले, आणि सुरुवातीला त्यांच्यात चार टक्क्यांचं अंतर होतं. माझी खरी टक्केवारी किती ते या दोघांनाही ठाऊक नाही. दोघांचं एकमत आहे ते दिशेवर, आणि मला दिशाच हवी होती.

मधे एक महिना वेगळा गेला, तो सांगायलाच हवा. मला ताप आला, नऊ दिवस अंथरुणात होते. उठले तेव्हा वजन दोन किलोंनी कमी. शेजारणी, गिऱ्हाइकं, सगळ्यांनी कौतुक केलं. "छान बारीक झालीस." रविवारी टेप घेतली. कंबर फक्त एका सेंटिमीटरने कमी, म्हणजे माझ्या हेलकाव्यातच. मांडी मात्र दोन सेंटिमीटरने आणि दंड सव्वा सेंटिमीटरने उतरलेला. नुसता काटा असता तर मी तो महिना सर्वात चांगला म्हणून लिहिला असता. ती मांडी परत मिळवायला मला सात आठवडे लागले.

दंडाचं माप एकटं पुरत नाही, कारण त्यात स्नायू आणि चरबी दोन्ही असतात. त्यासाठी चिमट्यासारखं एक साधन मिळतं, कॅलिपर. दंडाच्या मागच्या बाजूला, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मधोमध, त्वचा आणि खालची चरबी बोटांनी उचलायची, स्नायूपासून सुटी करायची आणि कॅलिपर लावायचा. स्वतःच्या दंडाला स्वतः लावता येत नाही. माझे यजमान लावतात. पहिल्या दिवशी त्यांनी २६, २१, २९ मिलिमीटर असं काहीही काढलं. मग मी त्यांना कापडाची चुणी कशी उचलतात ते दाखवलं, दोन बोटांत, न खेचता, आणि दंडावर पेनने खूण करून दिली. महिन्याभरात हात बसला.

त्याचा हिशेब असा: मिलिमीटरचे सेंटिमीटर करायचे, ३.१४ ने गुणायचं आणि दंडाच्या घेरातून वजा करायचं. उरतो तो स्नायूंचा घेर, मधलं हाड धरून. सुरुवातीला माझा दंड ३०.५ आणि चिमटा २.६, म्हणजे आतला घेर सुमारे २२.३. सात महिन्यांनी दंड ३०, चिमटा २.२, आतला घेर २३.१. बाहेरून बघणाऱ्याला दंड थोडा बारीकच झालेला दिसतो. आत स्नायू भरलेला आहे. चिमट्यात दोन मिलिमीटरची चूक झाली तर आतल्या घेरात सहा मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे या आठ मिलिमीटरवर मी पूर्ण भरवसा ठेवत नाही. पण डंबेल तीन किलोंवरून सहा किलोंवर गेले आहेत, आणि ते याच बाजूने साक्ष देतात.

फोटोही काढते, महिन्यातून एकदा, त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिच्यासमोर मी टक्के, किलो, कंबर हे बोलत नाही आणि ही वही कपाटात ठेवते. वाढत्या वयात अंग रोज बदलतं, ते बदलायलाच हवं, आणि त्या वयात आकडा मनात रुतला की निघत नाही. हे मी माप देताना रडलेल्या मुलींमुळे शिकले.

आईकडे परत येते.

त्या साडेनऊ इंचांनंतर मी तिची पोटरी मोजली. बसवून, पाय मोकळा सोडून, सगळ्यात जाड जागी, टेप न आवळता. ३०.२ सेंटिमीटर. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ज्या मर्यादा सांगितल्या, त्यानुसार बायकांची पोटरी ३३ हून कमी आणि पुरुषांची ३४ हून कमी असली तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. पायावर सूज असेल तर हे माप फसवतं, म्हणून आधी नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघितलं. पडला नाही. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी टेपही न लागणारी युक्ती वापरतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडं करायचं आणि स्वतःच्या पोटरीभोवती धरायचं. आईने धरलं. कडं सैल होतं, आत बोट जाईल एवढी फट. ती त्या फटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, ही माझी पोटरी आहे? मी किती चालायचे."

मग खुर्ची. हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायचं आणि बसायचं, वेळ मोजायची. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर त्याच गटाच्या मते शरीराची कार्यक्षमता कमी पडते आहे. आईला १७.४ लागले, आणि चौथ्यांदा उठताना तिने हात सोडून माझा खांदा धरला.

मी हे सगळे आकडे एका कागदावर लिहून तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, जुन्या पानाच्या फोटोसकट. त्यांनी पान नीट बघितलं. मूत्रपिंडाची तपासणी करून प्रथिनं वाढवायला सांगितली आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. आठवड्यातून चार दिवस. पहिले पंधरा दिवस ती माझ्यावर रागावलेली होती.

पाच महिने झाले. वजन ५२.३, म्हणजे काट्याच्या मते काहीच घडलेलं नाही. पोटरी ३१.१. खुर्ची १२.८ सेकंद, खांदा न धरता. कंबर ३३ आणि पाव इंच. दंडघेर मागच्या रविवारी घेतला, खांद्यापासून ९ इंच, त्याच खुणेवर, तीनदा. पावणेदहा, पावणेदहा आणि साडेनऊला किंचित वर. तिसऱ्या वहीतल्या त्याच पानावर, ११ च्या खाली तारीख घालून लिहिला.

गाऊन अजून शिवायचा राहिला होता, तो काल पुरा केला. बाही पावणेदहाच्या मापाने कापली, आणि आत दीड इंच माया ठेवली आहे.